गंगेकाठचा मुलगा, महासागराचा अभ्यासक : डॉ. सय्यद जहूर कासिम

गेल्या पावसाळ्यात दहावीच्या वर्गात नदीवरचा एक धडा शिकवत होते. मुलींना सहज विचारले, "आपली पंचगंगा शेवटी कुठे जाते?" बहुतेक हात एकदम वर झाले. "अरबी समुद्रात!" मुलींचेही चुकले म्हणता येत नाही. कोल्हापुरातून रत्नागिरीचा समुद्र जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. मग नदी तिकडेच जाणार, असे कुणालाही वाटेल. पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "नाही मॅडम. ती नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे जवळचा समुद्र सोडून ती लांबच्या समुद्राला जाते."

वर्ग हसला. तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, समुद्राचा अभ्यास करणारी नोकरी असते का?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञानातले मला फारसे कळत नाही. पण या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते, कारण डॉ. सय्यद जहूर कासिम यांचे नाव मला माहीत होते. त्या दिवशी तिला जे थोडेफार सांगितले, तेच आज वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहे. आपल्या घरातल्या किती मुलांनी हे नाव ऐकले असेल, याची मला शंका आहे.

संगमाच्या गावचा मुलगा

डॉ. कासिम यांचा जन्म ३१ डिसेंबर १९२६ रोजी अलाहाबादला झाला. गंगा-यमुनेच्या संगमाचे हे गाव, म्हणजेच प्रयाग. आपल्या कोल्हापूरजवळही एक प्रयाग आहे, चिखलीचे. तिथे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात आणि पंचगंगा होते. चिखलीच्या घाटावर उभे राहून समुद्राची कल्पना करणे अवघड असेल, तर अलाहाबादेत ते त्याहून अवघड. तिथून समुद्र कितीतरी दूर. अशा गावातला मुलगा पुढे देशातला आघाडीचा समुद्रशास्त्रज्ञ झाला.

अलाहाबादच्या मजीदिया इस्लामिया कॉलेजातून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. १९४९ मध्ये बी.एस्सी. आणि १९५१ मध्ये प्राणीशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि तिथेच शिकवू लागले. विद्यापीठातली अध्यापकाची नोकरी, मानसन्मान, ठरलेला पगार. कितीतरी घरांत इथेच "अल्हम्दुलिल्लाह, मुलगा मार्गी लागला" म्हणून पुढचा विषय थांबतो. कासिम थांबले नाहीत. १९५३ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि वेल्समधील बँगर येथे संशोधन करू लागले.

विषय काय होता? समुद्रकिनारी खडकांच्या फटीत राहणारे वितीएवढे मासे. ते वाढतात कसे, खातात काय, अंडी कधी घालतात, एवढाच अभ्यास. बाजारात या माशांना कुणी विचारत नाही. ओहोटी लागली की खडकांत जायचे, मासे गोळा करायचे, मोजायचे, उघडून पाहायचे, वहीत लिहायचे. हे काम काही वर्षे केले तेव्हा १९५६ मध्ये पीएच.डी. पदरात पडली. तेव्हा ते तिशीला आले होते.

हा हिशेब मी मुद्दाम मांडत आहे. मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना आपण पदांची आणि पुरस्कारांची यादी वाचतो. मधली वर्षे गाळतो. मग मुलांना वाटते, माणूस हुशार असला की सगळे आपोआप होते.

कोचीच्या खाडीतले पाणी

परत आल्यावर कासिम पुन्हा अलीगढला शिकवू लागले. त्याच सुमारास जगातल्या अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी करायचे ठरवले. तोवर अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांविषयी बरेच कळले होते, हिंदी महासागराविषयी फार थोडे. १९६० च्या दशकाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत सुमारे चाळीस जहाजे या कामावर होती. भारतही त्यात उतरला आणि कासिम या मोहिमेच्या कामात सामील झाले. विद्यापीठातली पक्की खुर्ची सोडून नव्या, कुणी न मळलेल्या वाटेला लागण्याचा हा निर्णय होता.

या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय पुढे गोव्यात दोनापावलाला आले. गोव्याला सहलीला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ही इमारत बसच्या खिडकीतून पाहिली असेल आणि पुढे दोनापावलाच्या धक्क्यावर फोटो काढले असतील.

गोव्याच्या आधी मात्र कासिम यांनी कोचीत मोठे काम केले. तिथल्या खाडीच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात. जमिनीवर जसे गवत, तशा समुद्रात या वनस्पती. त्या सूर्यप्रकाशावर वाढतात, त्यांना बारीक जीव खातात, त्या जीवांना मासे आणि माशांना आपण. म्हणजे कोळ्याच्या जाळ्यात किती मासे येणार, याचा हिशेब या हिरव्या कणांपासून सुरू होतो. पावसाळ्यात नद्यांचे गढूळ गोडे पाणी खाडीत शिरते, प्रकाश खाली पोचत नाही, खारेपणा कमी होतो. तेव्हा या वनस्पतींचे काय होते, हे कासिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभर मोजून पाहिले. तिथे जेवढे अन्न तयार होते, तेवढे बारीक जीव खाऊन संपवत नाहीत, असे त्यांना दिसले. उरलेले कुजून तळाशी बसते आणि कोळंबीसारख्या जीवांच्या उपयोगी पडते. उष्ण प्रदेशातल्या खाड्यांचे गणित थंड देशांतल्या पुस्तकांवरून सुटत नाही, ते आपल्याच पाण्यात उतरून सोडवावे लागते, हे त्या अभ्यासाने दाखवून दिले.

लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटाजवळच्या समुद्री गवताचा आणि प्रवाळांचाही त्यांनी असाच अभ्यास केला. कोचीतल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे ते संचालकही होते.

गोव्यातली सात वर्षे

१९७४ मध्ये कासिम गोव्यातल्या संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. इथून त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. आतापर्यंत ते स्वतः मोजमाप करणारे शास्त्रज्ञ होते. आता दुसऱ्यांना मोजमाप करता यावे म्हणून जहाज, प्रयोगशाळा, पैसा आणि माणसे जमवणे हे त्यांचे काम झाले.

हे काम बाहेरून दिसत नाही. मी शाळेत पाहते, ज्या शाळेचा मुख्याध्यापक चांगला असतो तिथे शिक्षकाला खडू, पुस्तके आणि वेळ मिळतो. तो स्वतः चार वर्ग कमी शिकवतो, पण चाळीस वर्ग नीट चालतात. संशोधनसंस्थेच्या प्रमुखाचेही तसेच. १९७६ मध्ये संस्थेच्या हाती 'गवेषणी' नावाचे जहाज आले. गवेषणा म्हणजे शोध, त्यावरून हे नाव. भारताचे हे पहिले समुद्र-संशोधन जहाज. समुद्राचा अभ्यास किनाऱ्यावर बसून होत नाही, त्याला जहाज लागते. ते मिळाल्यावर तरुण शास्त्रज्ञांना खोल समुद्र मोकळा झाला.

२६ जानेवारी १९८१ रोजी याच जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून बटाट्यासारखे काळे गोळे वर काढले. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असे धातू असतात. हे गोळे चार-पाच किलोमीटर खोल तळावर लाखो वर्षांत हळूहळू तयार होतात. पुढे १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातले दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र या शोधासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताच्या नावे नोंदले गेले.

दूरच्या समुद्राबरोबर घराशेजारच्या नद्याही सुटल्या नाहीत. गोव्याच्या मांडवी आणि झुआरी या नद्या समुद्राला मिळतात तिथल्या पाण्याचा अभ्यास झाला. त्यावरच्या लेखनात स्वतः कासिम यांचेही नाव आहे. संचालक झाला तरी माणूस पाण्यापासून तुटला नव्हता.

बर्फाकडे

१९८१ मध्ये ते केंद्र सरकारचे सचिव म्हणून दिल्लीला गेले. त्याच वर्षी पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्यांच्यावर एक जोखमीची कामगिरी सोपवली, अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम. तोवर त्या बर्फाळ खंडावर भारताची मोहीम कधी गेली नव्हती. तयारी गुपचूप झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातून 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेले नॉर्वेचे जहाज निघाले. त्यावर २१ जणांचे भारतीय पथक होते. नेते होते डॉ. कासिम. ३१ डिसेंबरला त्यांना ५५ वर्षे पूर्ण झाली, ती या प्रवासातच. ज्या वयात आपल्याकडे निवृत्तीचे बोलणे सुरू होते, त्या वयात हा माणूस लाटांवर होता.

९ जानेवारी १९८२ रोजी पथक अंटार्क्टिकावर उतरले. तिथे तेव्हा उन्हाळा असतो, सूर्य मावळत नाही, तरी चहूकडे बर्फच. तिरंगा लावला, हवामान नोंदवणारी यंत्रे बसवली, नमुने गोळा केले आणि २१ फेब्रुवारीला जहाज गोव्याला परतले. एकूण ७७ दिवस. एकही माणूस न गमावता सगळे घरी आले. त्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

कुणी विचारेल, गहू-तांदळाची चिंता असलेल्या देशाने बर्फावर पैसा का खर्चावा? कोल्हापूरकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. जूनमध्ये आपल्या डोक्यावर येणारे पावसाचे वारे विषुववृत्ताच्या पलीकडून, दक्षिण हिंदी महासागरावरून निघतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आपण पंचगंगेची पातळी पाहू लागतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण विसरलेलो नाही. तो पाऊस जिथून निघतो, त्या समुद्राचा आणि त्याच्या दक्षिणेच्या बर्फाचा अभ्यास परक्याचा कसा?

त्यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुढच्या वर्षी दुसरी मोहीम गेली, तिचे नेते व्ही. के. रैना होते. तिसरीचे नेते डॉ. हर्ष गुप्ता. या तिसऱ्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे पहिले ठाणे उभे राहिले. या काळात, १९८२ ते १९८८, कासिम दिल्लीत महासागर विकास विभागाचे सचिव होते आणि मागून सगळी बांधाबांध करत होते. पहिल्यांदा स्वतः गेले, वाट दाखवली आणि मग दुसऱ्यांच्या हाती दिली. आज भारताच्या चाळीसहून अधिक मोहिमा झाल्या आहेत. दक्षिण गंगोत्री पुढे बर्फाखाली गेले. त्याच्या जागी 'मैत्री' आले आणि २०१२ मध्ये 'भारती'. माणूस बाजूला झाल्यावरही काम चालू राहिले, हीच नेतृत्वाची खरी परीक्षा.

त्या तिसऱ्या मोहिमेत, डिसेंबर १९८३ मध्ये, पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया अंटार्क्टिकाला गेल्या. एक भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या गोव्याच्या याच संस्थेतल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. अदिती पंत म्हणजे आपल्या शेजारच्या औंध संस्थानच्या घराण्यातल्या अप्पा पंतांची मुलगी. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी हे सांगितले, तेव्हा तिने पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहून घेतले.

जामियाचे कुलगुरू

१९८९ मध्ये कासिम दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले. जामियाचा इतिहास आपल्या वाचकांना सांगायला नको. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढला तिची स्थापना झाली, १९२५ मध्ये ती दिल्लीला आली आणि डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२६ पासून दोन दशकांहून अधिक काळ हलाखीतही ती जपली. १९८८ च्या कायद्याने तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि लगेचच्या या काळात, १९८९ ते १९९१, सूत्रे एका समुद्रशास्त्रज्ञाकडे होती.

मला यात एक वर्तुळ दिसते. अलीगढच्या विद्यापीठातून निघालेला तरुण अध्यापक समुद्र, खाडी, बर्फ आणि मंत्रालय फिरून पुन्हा विद्यापीठात आला, तो विद्यार्थ्यांसाठी दारे उघडणाऱ्या खुर्चीत. कुलगुरूंचे काम समारंभात हार घेण्याचे नसते. कुठला विभाग काढायचा, कुणाला नेमायचे, प्रयोगशाळेला पैसा कुठून आणायचा, असे शंभर प्रश्न रोज टेबलावर असतात. ज्याने स्वतः ओहोटीच्या खडकांत मासे मोजलेले असतात, त्याला संशोधन करणाऱ्या पोराची अडचण फाईल न वाचताही कळते.

जामियानंतर १९९१ ते १९९६ ते नियोजन आयोगाचे सदस्य होते. २० ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांना मगफिरत देवो.

माझी एक चूक

आता थोडे आपल्या घरातले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. विज्ञानात शंभरात नव्वदच्या वर. तिला भौतिकशास्त्र शिकायचे होते. घरच्यांनी माझा सल्ला विचारला. मी म्हटले, "डी.एड. करू द्या. दोन वर्षांत हाताशी येईल, मुलीच्या जातीला शिक्षिकेची नोकरी बरी." माझा हेतू वाईट नव्हता. ती डी.एड. झाली. पण पुढे शिक्षक भरती वर्षानुवर्षे रखडली. आज ती घरी शिकवण्या घेते. भेटली की सलाम करते, हसते. मलाच तिच्याकडे नीट बघवत नाही. जवळचा समुद्र म्हणून मी तिला ज्या दिशेला पाठवले, तिकडे नदी जातच नव्हती.

म्हणून या वेळी मी त्या मुलीच्या अब्बांना शाळेत बोलावले. ते उद्यमनगरात लेथवर काम करतात. सुट्टी टाकून आले होते. म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे ते मला कळतंय. पण लवकर हाताला लागेल असं काहीतरी सांगा. आमचं काय, महिन्याच्या महिन्याला भागतंय."

मी खोटे बोलले नाही. बोटांवर मोजून दाखवले. अकरावी-बारावी विज्ञान, दोन वर्षे. बी.एस्सी. तीन, एम.एस्सी. दोन. पुढे पीएच.डी. म्हटली तर पाचेक. "म्हणजे बारा वर्षं?" ते म्हणाले. "हो," मी म्हटले, "पण सगळी बारा वर्षं तुमच्या खिशातून नाहीत."

मला जे माहीत होते ते सांगितले, आणि इतर पालकांच्या उपयोगासाठी इथे लिहिते. बारावी आणि बी.एस्सी. कोल्हापुरातच होते, इथे शिवाजी विद्यापीठ आहे. सागरी विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण गोवा विद्यापीठात मिळते. मत्स्यशास्त्राकडे कल असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे पीएच.डी. करणारी मुलगी घरावर बोजा नसते, उलट हातभार लावू शकते. परीक्षा अवघड आहे, सगळ्यांना मिळत नाही, हेही सांगितले.

ते बराच वेळ गप्प होते. मग विचारले, "गोवा इथनं किती लांब?" मी म्हटले, "सकाळी निघालं तर दुपारी पोचता." ते म्हणाले, "आणि ते साहेब, अलाहाबादचे, त्यांचे अब्बा काय करत होते?" ते मला सांगता आले नाही. मी म्हटले, "भाई, त्यांच्या अब्बांचं मला माहीत नाही. पण मुलगा तिशीपर्यंत शिकत होता, आणि घरच्यांनी त्याला शिकू दिलं असणार, एवढं नक्की."

त्यांनी बारा वर्षांचे वचन दिले नाही. मी मागितलेही नाही. उठताना एवढेच म्हणाले, "अकरावीला सायन्सला घालतो, मॅडम. पुढचं पुढं बघू. इन्शाअल्लाह."

सध्या एवढे पुरे आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेची सहल आहे. दरवर्षी पन्हाळा ठरलेला असतो, या वेळी मी गोव्याचे नाव सुचवले आहे. परवानगी मिळाली तर दोनापावलाला धक्क्याच्या आधी बस थांबवायची आणि ती इमारत मुलींना दाखवायची, असे मनात आहे.